माणूस वर हाय

हे कुणी खरं मानणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एकतीस वर्षं मी खांबांवर काढली. त्यात जे पाहिलं त्यातलं निम्मं मी स्वतः खरं मानत नाही, मग तुम्हाला कशाला आग्रह करू? पण अकरा हजार व्होल्टचा करंट आटगावच्या बाजूने चढ चढत येताना मी या दोन कानांनी ऐकला आहे. आणि तो धाकलूच्या हाताला शिवायच्या आत मी त्याला आडवा गेलो आहे.

त्या रविवारी दुपारी धाकलूच्या पडवीत बसून मी अशीच सुरुवात केली, आणि पहिल्याच वाक्याला त्याची पोर हसली.

पोरीचं नाव रुपाली. मुरबाडला आयटीआय केलं, वर्षभर शिकाऊ म्हणून राबली, आणि आता बापासारखी लाइनवर लागली होती. सोमवारी शहापूरला हजर व्हायचं होतं. तिला नवे बूट मिळाले होते, जाड तळाचे. ते चावत होते म्हणून सकाळपासून ती ते घालून अंगणात येरझाऱ्या मारत होती आणि कोंबड्या तिच्या पुढेपुढे पळत होत्या.

तिची आई बुधी चुलीपुढून म्हणाली, "दादा, तुमाला जेवायला बोलावलंय ते उगाच नाय. पोरीला दोन शब्द सांगा. पण घाबरवू नका."

"बरं."

"आन् थापा मारू नका."

"बुधे, एवढ्या अटी घातल्यावर सांगायला उरलं काय?"

धाकलू पायरीवर बसून कोंबड्यांचं डालं नीट करत होता. त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे गंजलेला नट काढायचा, आधी तेल घाला, मग तासभर थांबा. त्यामुळे त्याच्या घरात मला बोलायला नेहमी मोकळं मैदान मिळतं.

"सात वर्षं झाली," मी रुपालीला म्हणालो. "चैत्र होता. तू तेव्हा शाळेत. तुझा बापूस कंत्राटावर, मी कायम, आणि मला रिटायर व्हायला सहा महिने उरलेले."

फणसपाड्याच्या नाक्यावर तेव्हा एक वाढदिवसाचा फ्लेक्स होता. बारा फूट लांब, आठ फूट उंच. मधोमध एक भाऊ, कानाला मोबाइल लावून हसणारे, आणि त्यांच्या भोवताली शुभेच्छुकांची चाळीस तोंडं. आदल्या संध्याकाळी वावटळ सुटली. तिने तो फ्लेक्स चौकटीतून उपटला आणि माळावरच्या तीन तारांवर नेऊन घातला, धोतर वाळत घालावं तसा. तारा एकमेकींना भिडल्या, लाइन उडाली, अकरा पाडे अंधारात.

"अकरा?" रुपाली अंगणातून म्हणाली. "त्या लाइनवर सातच पाडे हायत, आजा."

"तेव्हा अकरा होते."

"मग चार गेले कुठं?"

"तू चाल. बूट चावतायत ना, चालत राहा."

सकाळी मी आणि धाकलू मोटारसायकलवर निघालो. कमरेचा पट्टा, दोर, पक्कड, आणि दांडी. बुधीने विचारलं दांडी कसली, म्हणून तिला समजावलं. तीन तुकडे जोडून लांब होणारी फायबरची काठी असते. टोकाला आकडा. आकड्याला तांब्याची तार आणि तारेचं दुसरं टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला. बंद केलेल्या तारेला हात लावायच्या आधी हा आकडा तिच्यावर अडकवायचा. मग चुकूनमाकून कुठून करंट आलाच, तर तो माणसाला सोडून दांडीच्या वाटेने जमिनीत उतरतो, आणि तिकडे सबस्टेशनात बटण आपोआप उडतं.

"म्हंजे ती पयली लावायची," बुधी म्हणाली.

"पहिलीच."

"मग तर भ्यायचं कारनच नाय."

"लावली तर नाही," मी म्हणालो. धाकलूने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा डाल्यात काडी ओवायला लागला.

माळावर पोचलो तर भाऊ तारांवर आडवे होऊन हसत होते. अर्धे शुभेच्छुक जळाले होते. मी आटगावच्या सबस्टेशनला फोन लावला. ड्युटीवर शाम होता. नवीन ऑपरेटर, येऊन पंधरा दिवस झालेले.

"आता इथं एक शब्द आहे, तो नीट ऐक," मी रुपालीला म्हणालो. "आमच्या जुन्या माणसांत लाइन देणं म्हणजे काय? ऑपरेटरनं बटण काढायचं, वहीत लिहायचं आणि लाइन बंद करून आपल्या हवाली करायची. मग तो फोनवर म्हणतो, 'लाइन दिली.' म्हणजे आता ती तुझी, खुशाल चढ. माझी एकतीस वर्षं या दोन शब्दांवर गेली."

"आमाला तसं शिकवलं नाय. आमाला परमिटचा नंबर घ्यायला सांगतात. लिहून."

"ते आता. आणि ते का, तेच सांगतोय."

शाम कोण? भेंडीवाल्याचं पोर. घरची विहीर, विहिरीवर पंप. लहानपणापासून त्याने बापाला फोनवर ओरडताना ऐकलेलं, 'अहो, लाइन द्या, भेंडी सुकली.' तिकडून कुणी म्हणायचं, 'दिली बघा,' की पंप सुरू. त्याच्या घरात लाइन देणं म्हणजे करंट सोडणं. मोठा होऊन तो त्याच फोनच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसला, पण कानातला शब्द घरचाच राहिला.

रुपालीचे बूट थांबले. "म्हंजे तुमी म्हणाला लाइन दे..."

"मी म्हणालो, 'शाम, फणसपाड्याच्या माळावर आहे. फ्लेक्स सापडला. लाइन दे.' तो म्हणाला, 'देतो दादा. पाच मिनिटं थांबा, साहेबांचा फोन चालू हाय.'"

"त्याला वाटलं काम झालं."

"त्याला वाटलं काम झालं. आणि मला वाटलं, तो बंद करून देतोय. एकच वाक्य, दोघांनी दोन टोकांनी धरलं."

बुधीने तव्यावरची भाकर उलटायची सोडून आमच्याकडे पाहिलं. मी पाणी प्यायलो. अशा ठिकाणी पाणी प्यायलं की ऐकणारे पुढे सरकतात, हा माझा अनुभव आहे.

"तर पाच मिनिटं थांबायचं सोडून तुझा बापूस खांबावर चढला."

"बाबा?" रुपाली म्हणाली. "बाबा भाकर निवायला अर्धा तास थांबतो."

"तेव्हा तरणा होता. मी खालून सांगतोय, अरे उतर, अजून निरोप आला नाही. ऐकतो कोण. वरून म्हणतो कसा, 'लाइन कालपासून मेलेलीच हाय, दादा. कशाला खोळंबा?' खरं ना रे धाकलू?"

"तुमी सांगा," धाकलू म्हणाला. "मी पन पयल्यांदाच ऐकतोय."

त्याच्याकडे लक्ष न देता मी पुढे गेलो. कारण हे जे 'मेलेली लाइन' म्हणणं आहे, ते रुपालीच्या कानावर घालायचं होतं. जिवंत तारेला सगळेच भितात. तिच्याजवळ जाताना माणूस दहा वेळा विचार करतो. घात करते ती मेलेली तार. तिच्यावर माणूस निर्धास्त हात टाकतो. मेलेली तार उठून बसायला कुणाची परवानगी घेत नाही. कुणी फार्महाउसवाला जनरेटर उलटा जोडतो, कुठे दुसरी लाइन तिच्यावर पडते, कुठे एखादा शाम बटण दाबतो.

"भगीरथभाऊंचं तसंच झालं ना?" बुधीने विचारलं.

"तसंच."

भगीरथ माझ्याच वेळचा. मुरबाडच्या अलीकडे राहतो. त्याचे दोन्ही हात कोपरापासून नाहीत. उजव्या टाचेला खड्डा आहे, करंट तिथून बाहेर पडला. मी त्याला भेटायला गेलो की तो मला हसवतो, मी त्याला हसवत नाही. म्हणतो, 'जयराम, हात नाय त्याचं एवढं काय वाटत नाय रे. घास बायको भरवते, बटणं पोरगी लावते. पण नाकावर माशी बसली की हाक मारावी लागते. आन् हाक ऐकून कुणी येईस्तोवर माशी उडून जाते. मग आलेल्या माणसाला सांगायचं काय?'

चुलीवरची भाकर करपल्याचा वास आला तेव्हा बुधी वळली.

"तर," मी म्हणालो, "असे हात घेऊन धाकलू वर. दहा बोटं, सगळी जागच्या जागी. हातमोजे खाली पिशवीत, कारण घाम येतो. तारेपासून वीतभर अंतर. आणि माझ्या खिशात फोन वाजला."

शाम म्हणाला, 'दादा, लाइन दिली.'

"मी वर ओरडलो, 'दिली रे.' धाकलूनं पट्टा सरकवला, फ्लेक्स धरायला हात पुढं केला."

"आन् दांडी?" बुधी म्हणाली.

"सांगतो. आता इथंच ते आहे, जे कुणी खरं मानत नाही."

मी मांडी बदलून बसलो. धाकलूने डालं बाजूला ठेवलं. बहुतेक त्यालाही पुढे काय होतं ते जाणून घ्यायचं होतं.

शामने बटण दाबलं आणि फोन उचलला. फोन लवकर पोचला, करंट मागून निघाला. माळावरून लाइन लांबपर्यंत दिसते, खांबामागे खांब, आटगावच्या बाजूला उतरत गेलेले. त्या तारांवर वेडे राघू बसले होते, ओळीने, शाळेच्या रांगेसारखे. मी बघतोय तर अगदी लांबच्या तारेवरचे राघू उडाले. मग त्याच्या अलीकडचे उडाले. मग त्याच्याही अलीकडचे. दोन खांबांमधल्या एकेका गाळ्यातले पक्षी उठत होते आणि ती उठण्याची लाट आमच्याकडे येत होती. आणि मग आवाज आला. हूंऽऽ. आग्या मोहोळ पिशवीत घालून कुणी डोंगर चढतोय असा.

"आजा," रुपाली म्हणाली, "करंट एका सेकंदात पृथ्वीला सात फेऱ्या मारतो."

"सपाटीवर मारत असेल."

"आजा."

"आटगावपासून इकडं चढ आहे, पोरी. बैलसुद्धा तिथं दम खातो."

धाकलूच्या खांद्यांना हिसका बसला. हसत होता की खोकत होता, ते त्याचं त्यालाच माहीत.

"मी बघितलं, तीन खांब राहिले. दोन राहिले. ओरडून उपयोग नव्हता, माणसाचा हात निघालेला असतो तेव्हा कान बंद असतात. मी दांडी उचलली. तार सळईला जोडलेली होतीच..."

"सळई कोनी ठोकली?" रुपालीने विचारलं. ती आता पडवीच्या कडेला येऊन बसली होती, बूट पुढे करून.

"मी."

"कधी?"

"आधी."

"म्हंजे तुमी सळई ठोकली, तार जोडली, दांडीचे तीन तुकडे जोडले. एवढं सगळं तुमी पाच मिनिटांत केलं, आन् बाबा वर घाई करत होता."

"हो."

"आन् तुमी खालून फोनवर पन बोलत होता."

"मला दोन हात आहेत," मी म्हणालो. म्हणताना भगीरथ आठवला आणि पुढचं वाक्य जरा अडखळलं. बुधीच्या ते लक्षात आलं असावं. तिने माझ्या ताटात न मागता रस्सा वाढला.

मग मी दांडी फेकली. भाल्यासारखी. तीस फूट वर. वाटेत एक राघू होता, त्याने मान वाकवून तिला वाट दिली. आकडा जाऊन तारेवर बसला, खुट्ट, कडी लागावी तसा. आणि त्याच क्षणी करंट पोचला.

इथे मला थापा मारता येत नाहीत. तो आवाज मी अनेकांना सांगायचा प्रयत्न केला आहे. फटाका नाही, ढग नाही. मोठं काहीतरी मधोमध तुटल्याचा आवाज, आणि त्याच्यासोबत उजेड, निळसर पांढरा, भर सकाळी आपली सावली समोर पडावी असा. तारेने उडी मारली. फ्लेक्सचं जळकं प्लास्टिक ठिबकायला लागलं. तोंडात तांब्याच्या पैशाची चव. कानांत शिट्टी, आणि त्या शिट्टीच्या पलीकडे कुठेतरी जग. भुवया करपल्या. दोन्ही हातांनी पट्ट्याचा दोर धरलेला, आणि हात सुटेनात. हात माझे की खांबाचे, हेच कळेना.

"बाबाचे," रुपाली म्हणाली.

"काय?"

"तुमी म्हणाला, हात माझे की खांबाचे."

"त्याचे म्हणालो. त्याच्या मनातलं सांगतोय. गोष्ट सांगताना असं करतात."

"बरं."

"तर तुला वाटेल संपलं. दांडीतून करंट जमिनीत गेला, सबस्टेशनात बटण उडालं, माणूस वाचला. नाही. खरी भीती त्याच्या पुढं आहे."

हे मात्र तिला ठाऊक होतं. आयटीआयने एवढं तरी केलं. बटण उडालं की ऑपरेटर काय करतो? दहातल्या नऊ वेळा एकदा परत दाबून बघतो. फांदी घासून गेली असेल, पक्षी भाजला असेल, लागली तर लागली. शामही तेच करणार होता. आणि दांडीचा आकडा त्या उडीने निसटून अर्धा लोंबकळत होता.

गवतात पडलेला फोन वाजला. शामचा आवाज आला, अगदी साधा, भेंडीचा भाव विचारावा तसा. 'दादा, परत उडाली. फ्लेक्स नीट काढला नाय वाटतं. परत देऊन बघू?'

बुधीने तोंडाला पदर लावला.

"आता सांग," मी रुपालीला म्हणालो, "काय बोलायचं? 'देऊ नको' म्हणावं तर तो देण्याचा अर्थ काय लावेल? 'लाइन दिलीस कशाला' म्हणावं तर तो म्हणेल, तुमीच मागितली. एक एक शब्द खोटा निघालेला. भांडायला वेळ नाही. त्याचं बोट बटणावर."

रुपाली विचार करत राहिली. मला ते आवडलं. चटकन उत्तर देणारी माणसं खांबावर मला नको असतात.

"तेव्हा तीन शब्द बोलले गेले," मी म्हणालो. "'माणूस वर हाय.' बस. लाइन नाही, देणं नाही, घेणं नाही. 'शाम, माणूस वर हाय.'"

"कोन बोललं?"

"मी. फोन माझ्याकडंच होता ना."

"तुमी 'हाय' म्हणाला? तुमी तर कायम 'आहे' म्हणता."

"घाबरलेला माणूस शुद्ध बोलत नाही."

धाकलू आता माझ्याकडे सरळ बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्याने आपली छत्री नेलेली असावी आणि तो ती आपल्यासमोरच उघडून मिरवत असावा, तसं तो बघत होता.

फोनवर काहीच ऐकू येईना. मग लांब कुठेतरी लोखंडाचा खडखडाट झाला, जड काहीतरी ओढल्याचा. मग कुलपाचा आवाज. मग शाम. आवाज रडका, पण शब्द स्पष्ट. 'ब्रेकरची ट्रॉलीच बाहेर ओढली, दादा. आता बटण दाबलं तरी करंट जात नाय. कुलूप घातलं. किल्ली माझ्या मुठीत हाय. तुमी इथं येईस्तोवर मी मूठ उघडत नाय.'

आणि त्याने ती उघडली नाही. दुपारी आम्ही सबस्टेशनात गेलो तेव्हा किल्लीचे दात त्याच्या तळहातात उमटले होते. साहेब रागवायला आले होते, तो हात बघून नुसते खुर्चीत बसले. दुसऱ्या दिवसापासून आमच्या सेक्शनात फोनवर 'लाइन दिली' म्हणायची बंदी झाली. लिहायचं, नंबर घ्यायचा, आणि शेवटी विचारायचं, 'माणूस वर की खाली?'

"देवाचीच करनी," बुधी म्हणाली. तिने पदराने कपाळ टिपलं. सात वर्षांपूर्वीची गोष्ट, नवरा समोर बसून डालं विणतोय, तरी तिने त्याच्या हातांकडे एकदा बघून घेतलं. मग पोरीच्या हातांकडे.

मलाही बरं वाटलं. रस्सा झणझणीत होता, भाकर गरम होती, आणि ती सकाळ सांगून झाली की अजूनही मला त्या क्षणासारखं हलकं वाटतं. म्हणून मी जरा सैल सुटलो.

"ते हलकं वाटणं काय सांगू तुला," मी म्हणालो. "शाम म्हणाला किल्ली मुठीत हाय, आणि अंगाला वारा लागला. तोवर वारा नव्हताच. आधी बोटं मोजली. दहा. परत मोजली. दहा. तानसा तलावाचं पाणी लांब चकाकत होतं. भाऊ मधोमध जळून गेले होते, पण कानाचा मोबाइल शाबूत. शाळेच्या पत्र्यावर कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या, आणि एवढ्या मोठ्या धडाक्यानंतर एक बाई शांतपणे त्या खालीवर करत होती. मला इतकं हसू यायला लागलं. आणि धाकलूचं बघ, आकडा परत नीट बसवला आणि मग मटकन बसला खाली. दांडी दोन्ही हातांत, हेल्मेट काढून बाजूला ठेवलेलं, मान गुडघ्यांत. आणि टाळूवर हे एवढं टक्कल. रुपयाएवढं, अगदी गोल, ऊन पडून चमकतंय. बारा वर्षं त्याच्याबरोबर काम केलं, पण हा माणूस वर टकला आहे हे मला त्या दिवशी कळलं."

धाकलूचा हात आपोआप डोक्यावर गेला, आणि बुधीबरोबर तोही हसायला लागला.

रुपालीने बुटाची लेस सोडवायला घेतली होती, ती तशीच राहिली. तिने आधी बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेवढ्यात मला कळलं की मी कुठे जाऊन बसलो होतो, आणि तिथून मला उतरता येईना.

"आजा," ती म्हणाली, "बाबा कुठं बसला होता?"

"खांबाच्या बुडाशी."

"दांडी त्याच्या हातात."

"हो."

"शाळेच्या पत्र्यावरच्या मिरच्या जमिनीवरून दिसतात?"

मी भाकरीचा तुकडा मोडला. बुधी हसायची थांबली होती, धाकलू नव्हता थांबला.

"खोटं बोलता तुमी, आजा," रुपाली म्हणाली. "दांडी बाबानं लावली. खांबावर तुमी होता."